‘एकदम सेफ आहे ही गोळी’: झोपेच्या औषधांची दीडशे वर्षं

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)

आज इतिहासच सांगायचा आहे, पण सुरुवात आमच्या घरापासून करते.

माझी आत्या कराडजवळच्या एका गावात राहते. आमचे मामा, म्हणजे तिचे यजमान, २००६ साली गेले आणि तिची झोपच उडाली. तिथल्या डॉक्टरांनी एक छोटी गोळी लिहून दिली, अल्प्राझोलाम. पंधरा दिवस घ्या म्हणाले. ती पंधरा दिवसांची चिठ्ठी आत्याने चौदा वर्षं वापरली. शेवटी शेवटी तर मेडिकलवाला चिठ्ठी बघायचाही नाही, आत्या दुकानात शिरली की पाकीट काउंटरवर. आधी अर्धी गोळी, मग एक, मग संध्याकाळी एक आणि रात्री दोन. तिने एकदा त्याला विचारलं होतं, ‘बाबा, रोज घेतली तर काही होत नाही ना?’ तो म्हणाला, ‘एकदम सेफ आहे, आजी.’

२०२० च्या दिवाळीत ती आमच्याकडे पुण्याला आली. मी कुठेतरी वाचलं होतं की झोपेच्या गोळ्यांनी म्हातारपणी तोल जातो, विसरायला होतं. मी तिला म्हटलं, ‘आत्या, हे बास झालं आता. हा कचरा मी टाकून देते.’ ती घाबरली. ‘अगं, ती नसली की डोळ्याला डोळा लागत नाही माझ्या,’ म्हणाली. मी ऐकलं नाही. पाकिटं उचलली आणि खरंच कचऱ्यात टाकली. मला वाटलं, केवढं चांगलं काम केलं.

दुसऱ्या दिवशी तिचे हात थरथरायला लागले. तिसऱ्या दिवशी चहाचा कप धरवेना, घामाने पातळ भिजलं, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणाली. चौथ्या दिवशी पहाटे तिला फिट आली. आयुष्यात कधीच आली नव्हती.

हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘कुठली गोळी अचानक बंद केली का?’ मी हो म्हटलं. आणि मग तिची फिट थांबवायला त्यांनी जे इंजेक्शन दिलं, ते त्याच गोळीच्या घराण्यातलं होतं.

आत्या वाचली. पण तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. अचानक बंद केलं तर असं होतं, हे कुणाला माहीत होतं? आणि कधीपासून? मी इतिहासाची विद्यार्थिनी, त्यामुळे पुस्तकं काढून बसले. जे सापडलं, ते आज सांगते.

शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात ‘टिंडाल परिणाम’ शिकल्याचं आठवतं? खोलीत कवडसा येतो आणि त्यात धुळीचे कण चमकताना दिसतात, तो. त्या जॉन टिंडाल यांना निद्रानाश होता. ते रात्री क्लोरल हायड्रेट नावाचं औषध घ्यायचे.

क्लोरल ही माणसाने प्रयोगशाळेत बनवलेली, झोपेसाठी सर्रास वापरली गेलेली पहिली मोठी वस्तू. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी क्लोरल १८३२ साली तयार केलं होतं, पण त्याचा झोपेशी संबंध जोडला बर्लिनच्या ऑस्कर लीब्राइश यांनी, १८६९ साली. गंमत म्हणजे त्यांचा तर्क चुकीचा होता. त्यांना वाटलं, शरीरात जाऊन याचं क्लोरोफॉर्म होईल आणि माणूस झोपेल. तसं होत नाही. पण माणूस झोपतो, हे मात्र खरं निघालं. तोवर झोपेसाठी काय होतं? अफू आणि दारू. त्यांच्यापुढे क्लोरल म्हणजे वरदान. काही वर्षांत युरोपभर पसरलं. इंग्लिश कवी आणि चित्रकार रोझेटी त्याच्या आहारी गेले आणि त्यातून त्यांची तब्येत कायमची ढासळली.

टिंडाल यांचं वेगळंच झालं. ते रात्री क्लोरल घ्यायचे आणि सकाळी पोटासाठी मॅग्नेशिया. दोन्ही बाटल्या जवळजवळ. डिसेंबर १८९३ मध्ये एका सकाळी त्यांची पत्नी लुईझा यांनी मॅग्नेशिया समजून क्लोरल दिलं. चूक लगेच लक्षात आली, डॉक्टर आले, दिवसभर धडपड झाली, पण टिंडाल गेले. लुईझा त्यानंतर ४७ वर्षं जगल्या. नवऱ्याचं चरित्र लिहायचं म्हणून कागदपत्रं गोळा करत राहिल्या, ते त्यांच्या हातून पुरं झालं नाही.

ही गोष्ट वाचताना मला कचऱ्याची बादली आठवली. लुईझाबाईंनीही मायेपोटीच केलं होतं.

आता पुढे जाऊ. क्लोरलची चव घाण, वास उग्र, पोटात जळजळ. त्यामुळे त्याच्यापेक्षा चांगलं काहीतरी हवंच होतं. ते मिळालं १९०३ साली. एमिल फिशर आणि जोसेफ फॉन मेरिंग या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी बार्बिटालचा झोप आणणारा गुण दाखवून दिला. फिशर म्हणजे साधं नाव नाही, त्यांना १९०२ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेलं होतं. औषध बाजारात आलं ‘व्हेरोनाल’ या नावाने. वास नाही, चव जरा कडवट, झोप छान. मग १९१२ साली फिनोबार्बिटाल आलं. ते झोपेसाठी होतं, पण आल्फ्रेड हाउप्टमान नावाच्या तरुण जर्मन डॉक्टरांच्या लक्षात आलं की याने फिट्सही थांबतात. आजही आपल्याकडे फिट्सच्या कित्येक पेशंटना ते दिलं जातं, ‘गार्डिनल’ हे नाव तुमच्यापैकी काहींनी घरात ऐकलं असेल. म्हणजे या औषधांनी माणसं वाचवली, हेही त्याच इतिहासात लिहायला हवं.

पुढच्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी बार्बिट्युरेट घराण्यातली अडीच हजारांहून जास्त रसायनं बनवली. त्यातली पन्नासेक दुकानात पोचली. आणि त्यांच्यातला दोष हळूहळू दिसायला लागला. झोप आणणारी मात्रा आणि श्वास थांबवणारी मात्रा यांत फार अंतर नव्हतं. त्यात पोटात दारू असेल तर ते अंतर आणखी कमी. ऑगस्ट १९६२ मध्ये मेरिलिन मन्रो गेली तेव्हा तिच्या शरीरात पेंटोबार्बिटाल हे बार्बिट्युरेट आणि आपलं जुनं क्लोरल, दोन्ही सापडले. जगभर मथळे झाले. पण तिच्यासारखे कितीतरी लोक त्याआधी गेले होते, ज्यांची बातमी झाली नाही.

आता माझ्या प्रश्नाकडे येते. अचानक बंद केलं तर काय होतं, हे कधी कळलं?

जर्मन डॉक्टरांनी तशा एकेकट्या केसेस आधीच लिहून ठेवल्या होत्या, पण कुणी फार मनावर घेतलं नाही. १९५० साली अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन इथे हॅरिस इसबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच जणांवर प्रयोग केला. हे पाचही जण पूर्वी मॉर्फिनचे व्यसनी. त्यांना काही महिने रोज मोठ्या मात्रेत बार्बिट्युरेट दिलं आणि मग एकदम थांबवलं. थरथर, घाम, निद्रानाश, फिट्स, भास. आजच्या नजरेने हा प्रयोग फार अस्वस्थ करणारा आहे, असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही. पण त्याने एक गोष्ट पक्की झाली: झोपेचं औषध एकदम बंद करणं हे काही वेळा ते घेण्यापेक्षा जास्त धोक्याचं असतं.

१९५०. म्हणजे माझ्या कचऱ्याच्या बादलीच्या सत्तर वर्षं आधी.

मग हे ज्ञान गेलं कुठे? इथेच या इतिहासातली खरी गोम आहे. दर वेळी नवं औषध आलं की जुन्या औषधाबद्दल शिकलेलं सगळं बासनात गुंडाळून ठेवलं गेलं. का? कारण नव्याबद्दल एकच प्रश्न विचारला जायचा: जुन्याचा जो दोष होता, तो यात आहे का? नाही ना? मग सेफ.

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण पश्चिम जर्मनीतलं. बार्बिट्युरेटचा दोष काय? जास्त घेतलं तर माणूस मरतो. मग १९५७ साली एक झोपेची गोळी आली, जी उंदरांना भरमसाट दिली तरी उंदीर मरत नव्हते. झालं, ‘निर्धोक’ म्हणून तिची जाहिरात सुरू झाली. चिठ्ठीशिवाय मिळायची. गरोदर बायकांनाही सकाळच्या मळमळीसाठी दिली जाऊ लागली. नाव थॅलिडोमाइड, जर्मनीत ‘कॉन्टरगान’. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत असेल. जगभर दहा हजारांहून जास्त मुलं हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली. १९६१ च्या नोव्हेंबरात हॅम्बुर्गचे डॉक्टर विदुकिंड लेन्झ यांनी संबंध दाखवून दिला आणि औषध मागे घेतलं गेलं. अमेरिकेत मात्र ती गोळी परवानगी मिळून बाजारात आलीच नाही, कारण तिथल्या औषध प्रशासनात नव्याने रुजू झालेल्या डॉ. फ्रान्सिस केल्सी फाइलवर सही करेनात. कंपनी तगादा लावत होती, आणि त्या आणखी पुरावा मागत होत्या. त्यांना आधी खटकलं होतं ते बाळांचं नव्हे. खूप दिवस गोळी घेणाऱ्यांच्या हातापायांना मुंग्या येतात, नसांना इजा होते, असं एका ब्रिटिश डॉक्टरांचं पत्र त्यांनी वाचलं होतं. म्हणजे बघा, ‘जास्त घेतली तर मरतो का’ हा नेहमीचा प्रश्न सोडून त्यांनी दुसराच विचारला: ‘खूप दिवस घेतली तर काय?’ तेवढ्याने हजारो घरं वाचली.

यातली एक गोष्ट आपल्या देशातलीही आहे. १९५१ साली इंद्र किशोर कक्कर आणि हैदराबादचे सय्यद हुसैन झहीर यांनी मेथाक्वालोन नावाचं रसायन बनवलं. मलेरियावरच्या औषधाचा शोध चालू होता असं सांगितलं जातं. झहीर पुढे सीएसआयआरचे महासंचालक झाले. काही वर्षांत भारतातच गुजराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्राण्यांवर काम करताना दिसलं की याने झोप येते. बार्बिट्युरेट नाही म्हणजे सुरक्षित, असा हिशेब परत मांडला गेला. १९६५ च्या सुमारास ब्रिटनमध्ये ते ‘मँड्रॅक्स’ या नावाने आलं, अमेरिकेत ‘क्वालूड’. दहा वर्षांच्या आत ते पार्ट्यांमधलं नशेचं औषध झालं आणि १९८४ साली अमेरिकेने त्यावर पूर्ण बंदी घातली. पण गोष्ट संपली नाही. दक्षिण आफ्रिकेत मँड्रॅक्सची गोळी चुरून ओढण्याचं व्यसन आजही आहे. आणि २०१६ साली उदयपूरला महसूल गुप्तचर खात्याने धाड घातली, तेव्हा सुमारे २३ टन मँड्रॅक्स सापडलं. टन म्हणतेय मी, किलो नाही. भारतात जन्मलेलं औषध, पासष्ट वर्षांनी भारतातच, असं गोदामात भरलेलं.

आता येऊ आत्याच्या गोळीच्या घराण्याकडे.

लिओ स्टर्नबाख हे पोलंडमध्ये शिकलेले ज्यू रसायनशास्त्रज्ञ. रोश कंपनीत होते. नाझींच्या काळात, १९४१ साली, कंपनीने त्यांना अमेरिकेत न्यू जर्सीला हलवलं. तिथे ते मन शांत करणारं औषध शोधत होते, पण यश येत नव्हतं. १९५७ साली प्रयोगशाळेतलं टेबल आवरताना त्यांच्या सहकाऱ्याला, अर्ल रीडर यांना, कधीपासून पडून असलेली एक पूड दिसली. टाकून द्यायच्या आधी एकदा तपासून बघू, म्हणाले. ती पूड म्हणजे ‘लिब्रियम’. १९६० साली बाजारात आली. तीन वर्षांनी तिची धाकटी बहीण ‘व्हॅलियम’, म्हणजे डायझेपाम. आपल्याकडे साठच्या दशकाच्या अखेरीस हीच गोळी ‘काम्पोज’ नावाने आली. आमच्या घरात तर कुणी फार चिडलं की आजोबा म्हणायचे, ‘एक काम्पोज द्या त्याला.’ औषधाचं नाव म्हणीसारखं वापरात यावं, एवढी ती घराघरात पोचली होती. १९७८ साली एकट्या अमेरिकेत व्हॅलियमच्या सुमारे २३० कोटी गोळ्या विकल्या गेल्या.

या गोळ्या खरंच बार्बिट्युरेटपेक्षा सुरक्षित होत्या, हे कबूल करायला हवं. का, ते सोप्या भाषेत सांगते. मेंदूत एक ब्रेक असतो, गाबा नावाच्या रसायनाचा. बार्बिट्युरेट जास्त झालं की ते तो ब्रेक स्वतःच दाबून धरतं, तुमचा पाय पेडलवर असो वा नसो. म्हणून गाडी पार बंद पडू शकते. डायझेपाम, अल्प्राझोलाम ही मंडळी स्वतः ब्रेक दाबत नाहीत, तुम्ही दाबताय त्याला जोर देतात. म्हणून एकट्या या गोळीने श्वास थांबायची शक्यता खूप कमी. सोबत दारू किंवा अफूच्या जातीची वेदनाशामकं असतील तर मात्र हे गणित बिघडतं. या दोन्ही औषधांच्या जोडीबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली सगळ्यात कडक इशारा दिला, वेष्टनावर चौकट आखून.

पण त्या ब्रेकचीच दुसरी बाजू आहे. रोज बाहेरून जोर मिळतोय म्हटल्यावर मेंदू स्वतःचा ब्रेक सैल करतो. त्यामुळे तीच गोळी पुरत नाही, अर्धीची एक होते, एकाच्या दोन. आणि एक दिवस बाहेरचा जोर एकदम काढून घेतला, तर गाडी उतारावर आणि ब्रेक सैल. थरथर, भास, फिट. माझ्या आत्याला झालं ते हेच.

हे कुणाला माहीत होतं? १९६१ मध्ये, लिब्रियम येऊन वर्षभर झालं होतं, तेव्हा कॅलिफोर्नियातले डॉक्टर लिओ हॉलिस्टर यांनी मोठ्या मात्रेत लिब्रियम घेणाऱ्या पेशंटांची गोळी अचानक बंद करून काय होतं ते पाहिलं आणि छापलं. लक्षणं दिसली, फिट्ससुद्धा. पण मात्रा मोठी होती ना! नेहमीच्या मात्रेत असं होत नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. पुढची वीस वर्षं घाबऱ्या बायकांना, थकलेल्या पुरुषांना, नवरा गेलेल्या विधवांना गोळ्या मिळत राहिल्या. त्या सोडायचा प्रयत्न केला आणि त्रास झाला, तर डॉक्टर म्हणायचे, ‘बघा, तुमचा जुना आजार उलटला. गोळी चालू ठेवा.’ किती चपखल सापळा आहे बघा. गोळी सोडल्याचा त्रास हाच गोळी घेत राहायचा पुरावा.

१९८१ च्या आसपास लंडनमध्ये माल्कम लेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की डॉक्टरांनी लिहून दिलेल्या साध्या मात्रेतही हे होतं. आणि न्यूकॅसलला हेदर ॲश्टन नावाच्या डॉक्टर होत्या. १९८२ ते १९९४ ही बारा वर्षं त्यांनी फक्त या गोळ्या सोडू पाहणाऱ्यांसाठी क्लिनिक चालवलं. त्यांनी काय केलं असेल? पेशंटांचं ऐकून घेतलं. त्यातून त्यांना जे कळलं ते असं: गोळी सोडता येते, पण जिना उतरल्यासारखी, एकेक पायरी. कुणाला महिने लागतात, कुणाला वर्ष, आणि वेग पेशंटने ठरवायचा. १९९९ साली त्यांनी ही सगळी पद्धत एका पुस्तिकेत मांडली. ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने तर १९८८ सालीच सांगितलं होतं की या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नयेत.

१९८८. आणि आत्याची चिठ्ठी २००६ ची. डॉक्टरांनी पंधरा दिवसच लिहिले होते, हे विसरू नका. चिठ्ठी बरोबर होती. पंधरा दिवसांनंतर काय, हे मात्र कुणी लिहिलं नव्हतं.

पुढची फेरीही तशीच. नव्वदीच्या सुरुवातीला झोलपिडेम आलं. रासायनिक घराणं वेगळं, म्हणून परत तेच: ही सवय लावत नाही, सकाळी डोकं जड होत नाही. मग २०१३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांगितलं की बायकांच्या शरीरातून हे औषध हळू बाहेर पडतं, त्यामुळे त्यांची मात्रा दहा मिलिग्रॅमवरून पाचवर आणा. वीस वर्षं निम्मं जग दुप्पट मात्रा घेत होतं! २०१९ साली आणखी एक चौकटीतला इशारा आला: काही लोक ही गोळी घेऊन झोपेत चालतात, स्वयंपाक करतात, गाडी चालवतात आणि सकाळी त्यांना काहीच आठवत नाही. अशा गंभीर इजेच्या ६६ घटना त्यांनी तपासल्या होत्या, त्यातल्या २० जणांचा जीव गेला होता.

आणि डायझेपाम, अल्प्राझोलामच्या संपूर्ण घराण्यावर सवय लागण्याचा, सोडताना धोका असल्याचा चौकटीतला इशारा कधी आला? सप्टेंबर २०२० मध्ये. लिब्रियम आल्यापासून साठ वर्षांनी. मी पाकिटं कचऱ्यात टाकली त्याच्या जेमतेम दोन महिने आधी.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोलपिडेम ही औषधं ‘शेड्यूल एच-१’ मध्ये आहेत. म्हणजे दुकानदाराने चिठ्ठी बघायची, डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या ते वेगळ्या वहीत लिहायचं, आणि ती वही तीन वर्षं जपायची. आत्याचं नाव अशा कुठल्या वहीत असेल का, मला शंकाच आहे.

आणि हे फक्त मेडिकलच्या दुकानातलं नाही. महाराष्ट्रात ताडीत क्लोरल हायड्रेट मिसळल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तेच, टिंडाल यांच्या उशाशी असलेलं. आपल्या नांदेडला लागून असलेल्या तेलंगणातल्या निजामाबाद भागात २०१५ साली सरकारने अशा भेसळीच्या ताडीवर एकदम कारवाई केली. तिच्यात अल्प्राझोलाम, डायझेपाम असायचं. ताडी बंद झाल्यावर माणसं थरथरत, बरळत, फिट्स येऊन हॉस्पिटलात दाखल व्हायला लागली. एका गल्लीत नव्हे, गावंच्या गावं. हेतू चांगलाच होता. माझाही चांगलाच होता.

तर मंडळी, दीडशे वर्षांचा हिशेब मांडला तर मला एकच गोष्ट दिसते. आपण दर वेळी विचारलं, ‘ही गोळी घेतली तर काही होणार नाही ना?’ उत्तर बहुतेक वेळा खरं मिळालं, नाही होणार. पण ‘ही सोडायची कधी आणि कशी?’ हे विचारलंच नाही. क्लोरलपासून झोलपिडेमपर्यंत ‘सेफ’ या शब्दाचा अर्थ आजच्या रात्रीपुरता होता.

म्हणून हा भाग ऐकून कुणी आपल्या आईच्या, सासऱ्यांच्या गोळ्या उचलून टाकू नका. तेच तर मी केलं होतं. डॉक्टरांकडे जा आणि सांगा, इतकी वर्षं घेतोय, आता कमी करायची आहे. ते मात्रा हळूहळू उतरवतील. नवी गोळी लिहून मिळाली तर तिथेच बसून विचारा: किती दिवस, आणि थांबवायची कशी? त्यावर दारू नको. कुठलीही वेदनाशामक गोळी चालू असेल तर सांगा. घरात साठीच्या पुढचं कुणी घेत असेल तर रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा ठेवा, कारण या गोळ्यांनी पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं ही म्हाताऱ्यांची खरी भीती आहे. आणि हेही विचारा की गोळीशिवाय काही आहे का. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली जुन्या निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळी नव्हे, तर सवयी आणि विचार बदलायची एक थेरपी सुचवली. रोज ठरलेल्या वेळी उठायचं, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, अशी त्यातली साधी सूत्रं. साधी आहेत, सोपी नाहीत.

आत्याचं काय झालं? त्या डॉक्टरांनी तिला आधी परत गोळी सुरू केली. मला ते पटेना. मग त्यांनी सात महिन्यांचा एक तक्ता काढून दिला. दर दोन-तीन आठवड्यांनी अगदी थोडीशी कमी. मध्ये दोनदा आम्हाला थांबावं लागलं, एकदा तर एक पायरी वर चढावं लागलं. गोळ्यांचे चतकोर करायला आत्याने पानाच्या डब्यातला अडकित्ता काढला होता, तो मी हिसकावून घेतला आणि मेडिकलमधून गोळी कापायचं यंत्र आणून दिलं. २०२१ च्या पावसाळ्यात तिने शेवटचा तुकडा घेतला.

आता ती चार-पाच तास झोपते. पहाटे साडेतीनला उठते, रेडिओ लावते, अंगणात सडा घालते. परवा फोनवर म्हणाली, ‘झोप कमीच लागते गं, पण माझी आहे.’

मी तिची माफी मागितली होती, हॉस्पिटलात. ती म्हणाली, ‘तुला कुठं माहीत होतं?’ ते खरंच आहे, मला माहीत नव्हतं. पण १९५० पासून कुणाला ना कुणाला माहीत होतं. ते आमच्या घरापर्यंत पोचायला सत्तर वर्षं लागली. तुमच्या घरापर्यंत आज पोचावं, म्हणून हा भाग.

तुमच्या घरात अशी एखादी जुनी, घड्या पडलेली चिठ्ठी असेल, तर आज ती काढून तारीख बघा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि नीट झोपा. नमस्कार.